दोष सापडल्याची तारीख

प्रोजेक्टरची वायर सैल झाली होती म्हणून नाहीद टेबलाखाली वाकली, आणि नेमकं त्याच वेळी मंचावरून तिचं नाव घेतलं गेलं.

"हे सगळं मी ज्यांच्याकडून शिकले त्या नाहीद मॅडम इथंच आहेत," दिव्यानी माइकवर म्हणाली. "त्यांनी उभं राहावं, अशी माझी विनंती आहे."

सभागृहातली मुलं टाळ्या वाजवत इकडेतिकडे बघू लागली. नाहीद टेबलाखालून बाहेर येईपर्यंत टाळ्या विरल्या होत्या. एका हातात वायर, ओढणीला धूळ, अशी ती उभी राहिली. विभागप्रमुख हसून म्हणाले की आमच्या लॅबवाल्या मॅडम सदा कामातच असतात. लोक हसले आणि दिव्यानीने पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

नाहीद चंद्रपूरच्या त्या कॉलेजात सोळा वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. वय एकेचाळीस. पठाणपुरा गेटच्या आत दोन खोल्यांचं घर, घरात आई सुलताना. वडील गफ्फार घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्याला दहा वर्षं झाली होती. लग्नाची बोलणी दोनतीनदा झाली आणि राहून गेली. दिव्यानी तिची विद्यार्थिनी. सावली तालुक्यातल्या जांभूळटोल्याच्या मुखरू आणि कमळा या धान पिकवणाऱ्या जोडप्याची एकुलती एक मुलगी. डिप्लोमाची तीन वर्षं ती याच लॅबमध्ये नाहीदच्या मागेमागे हिंडली. परीक्षेच्या दिवसांत होस्टेलात गोंगाट होतो म्हणून पठाणपुऱ्यातल्या घरी येऊन राहायची, सुलतानाच्या हातचं जेवायची. पुढे ती हैदराबादला शिकली आणि तिथल्याच एका संशोधन संस्थेत लागली. आता सव्वीस वर्षांची ती पोर त्याच कॉलेजात पाहुणी म्हणून आली होती, सत्काराची शाल घेऊन मंचावर उभी होती.

तिने केलेलं काम मोठं होतं, यात शंका नव्हती. छत्तीसगडकडून उतरलेले रानटी हत्ती गडचिरोलीच्या जंगलात मुरले होते आणि अधूनमधून वैनगंगा ओलांडून सावलीकडेही यायचे. दिव्यानीने गावाच्या शिवेवर बसवायची एक पेटी बनवली होती. जमिनीत पुरलेली कांडी पावलांची धडधड टिपायची, पेटीतला बोटभर संगणक ती हत्तीची की बैलगाडीची हे ठरवायचा, आणि हत्ती असला तर भोंगा वाजायचा. अशा अकरा पेट्या अकरा गावांत बसायच्या होत्या. पहिली जांभूळटोल्यात.

सभागृहातल्या मुलांना हत्तीच दिसत होते. ते ठरवण्याचं काम दिव्यानी संगणकात कुठे आणि कोणत्या भाषेत करत होती, ते एकट्या नाहीदला दिसत होतं. आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

प्रत्येक संगणकाच्या मुळाशी कर्नल असतो. आपण वापरतो ते सगळे प्रोग्राम त्याच्या वर, त्याच्या परवानगीने चालतात. वरचा एखादा प्रोग्राम कोसळला तर तो एकटा कोसळतो. कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खं यंत्र गार पडतं. म्हणून तिथे लोक सी नावाच्या जुन्या दणकट भाषेतच लिहितात, आणि जपून लिहितात. फंक्शनल भाषांची जात निराळी. त्यांत एकदा नावाला दिलेली किंमत बदलत नाही, गणितासारखं एकातून दुसरं निघत जातं. वाचायला स्वच्छ, तपासायला सोपं. पण त्यांना जागा सढळ लागते, आणि मध्येमध्ये थांबून वापरून झालेली जागा झाडून घ्यावी लागते. कर्नलमध्ये जागा नसते आणि थांबायला उसंतही नसते. तरीही तिथे असे प्रोग्राम चालवता आले तर फायदा मोठा. पेटीला प्रत्येक धडधडीसाठी वरचा प्रोग्राम जागा करावा लागत नाही, सौर बॅटरी पुरते, आणि गावागावाचे वेगळे नियम चार ओळींत लिहून, आधी तपासून पाठवता येतात.

नाहीदने हे दहा वर्षांपूर्वी ओळखलं होतं. कॉलेजने भंगारात काढलेला एक संगणक तिने मागून घेतला होता. लॅबच्या कोपऱ्यातला नऊ नंबर. पोरांची प्रात्यक्षिकं आटोपली की ती त्याच्यापुढे बसायची. प्रत्येक कामाला मोजकी जागा द्यायची आणि काम संपलं की ती एकदम पुसून टाकायची, झाडलोटीची भानगडच ठेवायची नाही, ही तिची युक्ती. सात वर्षांत तिने एक छोटी भाषा कर्नलच्या आत उभी केली होती. एका प्राध्यापकांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं होतं की याचा उपयोग काय. तेव्हापासून तिने ती कोणाला दाखवली नाही. दिव्यानी सोडून. अजून पूर्ण नाही झालं, असं ती स्वतःला सांगायची. एक कोपरा नीट केला की दुसरा खुपायचा.

दिव्यानीला काही खुपलं नव्हतं. तिने चौदा महिन्यांत लिहिलं आणि जगापुढे ठेवलं.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात नाहीदने एक गोष्ट केली, जिची तिला पुढे लाज वाटली. तिने दिव्यानीचा सगळा प्रोग्राम उतरवून घेतला आणि आपल्या प्रोग्रामशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहिला. तीन दिवस. काही चोरलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं. मग रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं, आईला सांगता आलं असतं, विभागप्रमुखांकडे जाता आलं असतं. पण काहीच सापडलं नाही. जागेचा प्रश्न पोरीने निराळ्याच वाटेने सोडवला होता. नाहीदची वाट जास्त देखणी होती, हे नाहीदला कळत होतं. आणि दिव्यानीची वाट पोचली होती, हेही कळत होतं.

मग ती रोज बघू लागली. हैदराबादच्या परिषदेतलं दिव्यानीचं भाषण किती जणांनी पाहिलं, तो आकडा सकाळी एकदा, दुपारी एकदा. भाषण ती आवाज बंद करून पाहायची. शेवटी आभाराच्या पानावर सहा नावं होती, तिसरं तिचं: नाहीद मॅडम, चंद्रपूर. बाकी पाच जणांची आडनावं होती, पदव्या होत्या. तिला वाटलं, पोरीला माझं आडनाव ठाऊक नसेल? मग आठवलं की ठाऊक आहे, पण तिने कधी ते उच्चारलंच नाही. तिच्यासाठी आपण मॅडमच. हे प्रेमाचं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी दिव्यानीचा मेल आला. पेट्या बसवण्याआधीचा शेवटचा प्रोग्राम तिने पाठवला होता. तिने लिहिलं होतं, "मॅडम, इथल्या लोकांनी पाहिलं आहे, पण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मला धीर नाही. एकदा पाहून घ्या ना."

नाहीदने लॅबचं दार ओढून घेतलं आणि वाचायला बसली. दुपारची वेळ, बाहेर पोरं गरब्याच्या गप्पा करत होती. विसाव्या मिनिटाला तिची नजर एका जागी अडकली.

लागोपाठ आलेल्या धडधडी मोजणारं ते छोटं फंक्शन होतं. पहिली धडधड बाजूला ठेवायची, उरलेल्या मोजायला स्वतःलाच हाक मारायची, त्यांचं उत्तर आलं की त्यात एक मिळवायचा. पाठ्यपुस्तकात शोभेल असं. पण प्रत्येक हाक उत्तर येईपर्यंत थोडी जागा अडवून बसते. वर साध्या प्रोग्रामला अशी जागा भरपूर मिळते. कर्नलमध्ये तिच्या पाचशेव्या भागाइतकी. धडधडींची रांग लहान असली तर निभावतं. रांग न तुटता लांबत गेली तर जागा संपते आणि यंत्र तिथल्या तिथे मरतं. दिव्यानीने आलापल्लीकडच्या पाळीव हत्तींना चालवून चाचणी घेतली होती. चार हत्ती. चार हत्तींच्या पावलांत फटी राहतात. वीस-पंचवीसांचा कळप चालला तर फट राहत नाही.

नाहीदला हे दिसलं, कारण नऊ नंबर याच चुकीने महिनोन् महिने रोज मेला होता आणि कारण शोधता शोधता तिचे चार महिने गेले होते. जगात ही चूक अर्ध्या मिनिटात ओळखणारी माणसं कमी असतील. चंद्रपुरात ती एकच होती.

तिला आनंद झाला. छातीत काही मोकळं झाल्यासारखा, उघडा, निलाजरा आनंद. तिने उत्तर लिहायला घेतलं: चूक कुठे आहे, का आहे, कशी काढायची. चार ओळी. लिहून झाल्यावर तिने त्या वाचल्या. या चार ओळी पाठवल्या की दिव्यानी त्या दहा मिनिटांत बसवेल, आभार मानेल, आणि प्रोग्राम बिनचूक होईल. आभाराच्या पानावर आपण तिसऱ्याच्या दुसऱ्या होऊ. बस्स.

तिने ओळी पुसल्या. "वाचलं. चांगलं लिहिलं आहेस," असं लिहून पाठवून दिलं. यात खोटं काही नाही, असं ती स्वतःला म्हणाली. हैदराबादला मोठी माणसं बसलीत, ती पाहतील. आणि इतका मोठा कळप काय रोज येतो?

त्यानंतरचे सहा-सात आठवडे तिला वाईट गेले. पेट्या बसल्या. दिवाळीच्या आसपास एका गावात तीन हत्ती आले, भोंगा वाजला, लोक आधीच सावध झाले. दिव्यानीचा फोटो छापून आला. दुसऱ्या गावात मोठ्या सुळ्यांचा एकटा नर आला, तेव्हाही वाजला. कॉलेजने ते कात्रण फलकावर लावलं. ते नीट चिकटलं नव्हतं म्हणून शिपायाने नाहीदकडूनच टाचण्या मागून नेल्या. तिला भीती वाटायची की काही होईल, आणि आत कुठेतरी, काही होत का नाही, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे तिला पूर्वी माहीत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं. सकाळी लॅबमध्ये कोणीतरी टाकून गेलेल्या पेपरात बातमी होती: जांभूळटोल्यात हत्तींचा धुमाकूळ, धानाचे पुंजणे उद्ध्वस्त, शेतकरी गंभीर जखमी, इशारा देणारी यंत्रणा निकामी. निकामी हा शब्द वाचून नाहीदला एक श्वासभर बरं वाटलं. मग खालच्या ओळीत नाव आलं. मुखरू.

तिने पेपर घडी करून ठेवला आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची हजेरी घेतली. हजेरीत तीच नावं दोनदा घेतली, तेव्हा मुलं हसली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्याने कळलं. कळप बावीसचा होता. मुखरू शेतातल्या झोपडीत, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांजवळ झोपला होता. एरवी राखणीला गावातली माणसं आलटून पालटून जागायची. यंदा पेटी होती म्हणून कोणी जागलं नाही. हत्ती पुंजण्यात शिरले तेव्हा तो जागा झाला, धावला, आणि बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलं. हत्ती त्याच्या बाजूने निघून गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्याच्या पायात सळई घातली.

चौथ्या दिवशी दिव्यानीचा फोन आला. आवाज कोरडा होता. संस्थेच्या लोकांनी बॅटरीला दोष दिला, बॅटरी बदलली, पेटी पुन्हा चालू केली. पण तिने जुनी बॅटरी स्वतः तपासली होती.

"बॅटरी बराबर आहे, मॅडम. मशीनच मेली. काऊन मेली ते मले समजून नाई राह्यलं."

नाहीद म्हणाली की पाहते. तेवढंच म्हणाली. मग दिव्यानीने सांगितलं की ती कर्नलमधला सगळा भाग काढून टाकणार आहे, संस्थेतल्या सरांशी बोलणं झालं आहे. पेट्यांत नेहमीचा साधा प्रोग्राम बसवायचा. बॅटरी दोन दिवसांत उतरेल, निम्मी गावं सोडावी लागतील, पण निदान असं होणार नाही.

"लोकं म्हणत होते, हे असं कर्नलमधी चालत नाई म्हणून. बराबरच म्हणत होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वाक्याने नाहीदला जे झालं ते तिच्या अपेक्षेबाहेरचं होतं. चालत नाही? सात वर्षं नऊ नंबरमध्ये चाललं होतं. चालतं, हे सिद्ध करायला तिने तारुण्य घातलं होतं, आणि आता ती पोर चार ओळींच्या चुकीपायी साऱ्या जगाला सांगणार होती की चालत नाही. आणि कळप अजून जंगलात होता. बाकीच्या दहा पेट्यांत तीच चूक बसलेली होती. आज मुखरू, उद्या आणखी कोणी. पण खरं सांगायचं तर तिला आधी आठवला तो नऊ नंबर, मग कळप, आणि त्यानंतर मुखरू. हा क्रम तिच्या लक्षात आला आणि ती स्वतःपुढे खजील झाली.

घरी सुलतानाला बातमी कळली होती. आपल्या घरी जेवलेल्या पोरीचा बाप खाटेवर पडला आहे आणि तू अजून पाहून आली नाहीस, हे तिला समजेना. रविवारी सकाळी तिने खजुराचा पुडा आणि एक धुतलेली चादर पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवली. नाहीद सावलीच्या बसमध्ये बसली. लॅपटॉप मांडीवर धरला होता.

फाट्यावर दिव्यानी स्कूटी घेऊन आली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ती नाहीदच्या पाया पडली, पिशवी घेतली आणि गावापर्यंत बोलत राहिली: काय काय तपासलं, काय काय सापडलं नाही.

मुखरू ओसरीत खाटेवर होता. दोनच दिवसांपूर्वी घरी आणला होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, कमळाने दाबून निजवलं.

"तुमी सांगा हिले, बाई," तो म्हणाला. "पोरगी आठ दिसांची धड जेवली नाई. चूक माही आहे. भोंगा वाजंल म्हणून मी निवांत झोपलो. इतक्या वर्सांत कधी झोपलो नवतो."

नाहीदला त्याच्याकडे बघता आलं नाही. तिने खजुराचा पुडा कमळाच्या हातात दिला आणि तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला.

"इथी बघ," ती दिव्यानीला म्हणाली.

दिव्यानी वाकली. तिला मोजणीचं फंक्शन दिसलं, त्यावर ठेवलेलं नाहीदचं बोट दिसलं. नाहीदने फक्त विचारलं की बावीस हत्ती चालले तर ही रांग किती लांब होईल. दिव्यानीचे ओठ हलले, ती मनातल्या मनात मोजत होती. मग तिने कपाळावर हात मारून घेतला आणि हात तिथेच ठेवून बसली.

"इतकं साधं, मॅडम."

"साधं नाही. माझे चार महिने गेले होते यात."

दोघींनी मिळून ते बदललं. आतापर्यंतची मोजणी सोबत घेऊनच पुढची हाक मारायची. मग मागे कोणी उत्तराची वाट पाहत बसत नाही आणि तीच जागा पुन्हा पुन्हा वापरता येते. काम दहा मिनिटांचं होतं, पण त्यांनी दीड तास घेतला, कारण अशीच आणखी एक जागा नाहीदला सापडली आणि दिव्यानीला त्याहून बारीक तिसरी. एक बोलायची, दुसरी लिहायची. जुन्या दिवसांसारखंच. नाहीदला मध्येच जाणवलं की ही पोर आपल्यापेक्षा झरझर विचार करते. नुसती धीट नाही, हुशारही जास्त आहे. हेवा पुन्हा तसाच उठला, पण या वेळी त्याला लपायला जागा नव्हती. दोघींची डोकी एकाच पडद्यावर वाकलेली होती.

पेटी मरेपर्यंत तिने टिपलेली धडधड जपून राहिली होती. गावची पेटी दिव्यानीने शिवेवरून ओसरीत काढून आणली होती. तिच्यात दुरुस्त प्रोग्राम घालून तिने तोच तुकडा जोडून जोडून दसपट लांब केला आणि पेटीत सोडला. पडद्यावर आकडे धावू लागले. जिथे पेटी मेली होती ती जागा आली आणि गेली. कळप चालत राहिला. मग भोंगा वाजला.

मुखरूने दोन्ही हातांनी खाटेचा काठ धरला आणि अंग उचललं, धावायला निघाल्यासारखं. कमळा त्याच्यापाशी धावली. दिव्यानीने झटकन भोंगा बंद केला. "चाचणी आहे, बा. काई नाई," ती म्हणाली. तो पुन्हा उशीवर टेकला. कपाळावर घाम आला होता आणि तो हसायचा प्रयत्न करत होता.

दुरुस्ती बाकीच्या पेट्यांना पाठवायची राहिली होती. प्रत्येक दुरुस्तीसोबत नोंद लिहायची संस्थेची पद्धत होती: दोष कोणता, कोणाला सापडला, कधी सापडला. दिव्यानी मांडी घालून बसली आणि लिहू लागली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

"नाव तं तुमचंच," ती म्हणाली. "नाहीद गफ्फार शेख. पूर्ण टाकून राह्यली मी. तुमी नसत्या तं मी सारं फेकून देल्लं असतं. तारीख काय टाकू, आजची, की काल घरीच सापडलं होतं तं कालची?"

कालची म्हटलं असतं तर संपलं होतं. कोणी विचारलं नसतं. नाहीदने मुखरूकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता, कमळा त्याला पदराने वारा घालत होती.

"नऊ ऑक्टोबर," नाहीद म्हणाली.

दिव्यानीला वाटलं, मॅडमच्या तोंडून चुकून महिना निघाला.

"डिसेंबर लागला ना, मॅडम."

"ऑक्टोबर. तू पाठवलं त्याच दिवशी. दुपारी."

दिव्यानीची बोटं कळफलकावर होती, ती तिथेच राहिली. ती नाहीदकडे बघत होती. राग यायला आधी नीट समजावं लागतं, आणि तिला अजून समजत नव्हतं.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"लिहिलं होतं. पुसून टाकलं." "तुझा हेवा वाटला मले. अजून वाटते."

मुखरूने डोळे उघडून विचारलं की काय झालं, बंद पडलं का पुन्हा.

"नाई, बा," दिव्यानी म्हणाली. तिची नजर पडद्याकडे वळली होती. "झालं दुरुस्त."

तिने तारीख टाकली. नऊ, दहा, आणि साल. नाव पुसलं नाही. मग एकेका गावाचं नाव निवडून दुरुस्ती पाठवू लागली, दहाच्या दहा. प्रत्येक पेटीकडून पोच येईपर्यंत थांबत. शेवटची पोच आल्यावर लॅपटॉप मिटून तो नाहीदसमोर सरकवला आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला.

कमळाने ताट आणलं. नव्या तांदळाचा भात, वालाच्या शेंगांची भाजी. नाहीदला जेवायचं नव्हतं, पण तिने ताट संपवलं. या घरात नाही म्हणायचा हक्क आता आपल्याला राहिला नाही, असं तिला वाटलं. कमळाने आणखी भात वाढला, तोही संपवला. निघताना मुखरूने हात जोडले आणि म्हणाला, पोरीसाठी इतक्या दुरून आल्या. नाहीदने मान हलवली. त्याला सांगायचं दिव्यानीने टाळलं होतं. ते तिच्या हातात होतं, आपल्या नाही.

फाटा चार किलोमीटर होता. नाहीद चालत निघाली. वेशीबाहेरच्या पाराजवळ मागून स्कूटी आली आणि थांबली. दिव्यानीने तोंडाला दुपट्टा बांधला होता, नुसते डोळे दिसत होते, आणि ते रस्त्याकडे होते. नाहीद मागे बसली. खांद्यावर हात ठेवायची तिची सवय होती. तिने हात मागे नेऊन सीटची कडी धरली.

दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची रिकामी शेतं. कालव्याजवळ रस्ता उखडलेला होता. नाहीदने कडी घट्ट धरली आणि हिसक्याची वाट पाहिली. हिसका बसला नाही. खड्डा येण्याआधी दिव्यानीने गाडी अगदी हळू केली होती.